चिकटपट्टीवरचं लोखंड

लेथवर काम करणाऱ्या माणसाला लोखंड चावतं, असं अण्णा म्हणायचे. भोसरीतल्या एका शेडमध्ये त्यांनी २६ वर्षं टर्नर म्हणून काढली. रात्री जेवणं आटोपली की आई चष्मा लावून त्यांच्या तळहातातली लोखंडाची कुसळं सुईनं काढत बसायची. त्यामुळे कॉलेजात असताना एका मित्राच्या खोलीवर, कुठून कुठून कॉपी होत आलेल्या सीडीवर ‘तेत्सुओ’ पाहिला, तेव्हा माझी गत निराळी झाली. दाढी करताना नायकाच्या गालावर लोखंडाचा काटा उगवलेला दिसतो. बाकीची पोरं शिसारीनं ओरडली. मला आईची सुई आठवली.

‘तेत्सुओ: द आयर्न मॅन’ हा शिन्या त्सुकामोतोचा १९८९ सालचा जपानी चित्रपट. कृष्णधवल, १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेला, जेमतेम ६७ मिनिटांचा. मार्व्हलच्या आयर्न मॅनशी त्याचा काडीचाही संबंध नाही. स्वतःच्या मांडीत लोखंडी सळई खुपसणारा एक माणूस गाडीखाली येतो. गाडीतला चष्मेवाला नोकरदार आणि त्याची मैत्रीण त्याला टाकून देतात. मग त्या नोकरदाराचं शरीर हळूहळू लोखंड होऊ लागतं. शेवटी शिकार आणि शिकारी एकमेकांत वितळून भंगाराचा एक चालता डोंगर होतात आणि सगळं जग गंजवून टाकायला निघतात. ‘समाप्त’च्या जागी पडद्यावर अक्षरं येतात: ‘गेम ओव्हर’. मुलाबाळांत बसून पाहायचा हा चित्रपट नव्हे. त्यातला ड्रिलचा प्रसंग मला आजही हिंस्र आणि स्त्रीबाबत निर्दय वाटतो. मात्र ती मैत्रीण साकारणारी केई फुजिवारा कॅमेऱ्यामागेही होती आणि पुढे स्वतः दिग्दर्शिका झाली, हेही नोंदवायला हवं.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. जपानमध्ये तेव्हा पैशाला पूर आला होता. २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोचला आणि मग कोसळला. सोगो इशीसारखे दिग्दर्शक आधीपासून कमी पैशात बेफाम चित्रपट काढत होते. ‘अकिरा’ ही ॲनिमेशनपटाची खळबळ १९८८ ची. त्यातल्या शरीर बदलणाऱ्या पोराचं नावही तेत्सुओच. झालं.

आता माझ्या आवडीच्या कोपऱ्यात येऊ. हे लोखंड चढवलं कसं?

त्सुकामोतोला शाळकरी वयातच ८ मिलिमीटरचा कॅमेरा हाताळायला मिळाला होता. पुढे तो चित्रकला शिकला, नाटकं केली, जाहिरातींत काम केलं. ‘तेत्सुओ’चं लेखन, दिग्दर्शन, संकलन, कलादिग्दर्शन त्याचं आणि सळईवाला माणूसही तोच. बरंचसं चित्रण फुजिवाराच्या घरात झालं. सगळे तिथेच राहायचे, तिथेच खायचे. काम सुमारे दीड वर्ष रेंगाळलं. एकेक माणूस कंटाळून निघून गेला. नायक तोमोरोवो तागुची टिकला. त्याच्या अंगावरचं ‘लोखंड’ म्हणजे फेकून दिलेल्या टीव्हींचे सुटे भाग, आणि ते चिकटवले होते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं!

आणि तो वेग! माणसं रस्त्यावरून पायाला चाकं लावल्यासारखी सुसाट घसरत जातात. ही पिक्सिलेशनची करामत. नटानं इंचभर सरकायचं, थांबायचं, एक चौकट टिपायची. पुन्हा इंचभर, पुन्हा थांबायचं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. एकेक करून टिपायच्या म्हटल्या तर दहा सेकंदांसाठी २४० वेळा सरकणं आलं. आम्ही दोघा मित्रांनी गच्चीवर हा उद्योग करून पाहिला. दुपारभर खपून बारा सेकंद जमले. मित्राचे गुडघे आठवडाभर धरले होते आणि मधेच कुणीतरी वाळत घातलेली साडी काढून नेल्यामुळे आमचं भयनाट्य विनोदी झालं. चू इशिकावाचं संगीत तेवढं हवं होतं. घणावर घण पडावा तसा त्याचा ताल, तो साडीलाही भीतिदायक करता!

पुढे १९९२ मध्ये रंगीत दुसरा भाग आला, २००९ मध्ये इंग्रजी बोलणारा तिसरा. दोन्ही मी भक्तिभावानं पाहिले. पण भारावलो नाही. पहिल्यात यंत्राची भीती आहे आणि ती भीती कणाकणानं हातांनी रचलेली आहे. त्या हातांचा घाम चौकटीत दिसतो.

काही वर्षांपूर्वी टोकियोला जाणं झालं. सोबतचे लोक देवळं पाहायला गेले, मी ओता विभागात भटकलो. वर घर, खाली दोन यंत्रांचा कारखाना, अशा इमारती तिथे अजून आहेत. एका उघड्या शटरमधून कटिंग ऑइलचा वास आला. अण्णांच्या शर्टाला यायचा, अगदी तोच. मी उगाच बराच वेळ तिथे उभा राहिलो.

परत आल्यावर धीर करून अण्णांना ‘तेत्सुओ’ दाखवला. ड्रिलचा प्रसंग मुकाट्यानं पुढे ढकलला. नायकाचा चेहरा धातूनं भरून गेला तेव्हा ते पुढे वाकून म्हणाले, “हे लोखंड नाही. इतकं लोखंड असतं तर मान अशी वळली नसती.” मी टीव्हीचे भाग आणि टेपची गोष्ट सांगितली. मग ती सुसाट दौड आली.

“हे एकेक फोटो काढून केलंय?”

“हो.”

“किती दिवस लागले?”

“सगळ्या सिनेमाला दीडेक वर्ष.”

अण्णांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. “पोरगा कामाचा दिसतो,” म्हणाले आणि रिमोट माझ्याकडून काढून घेतला. “मघाशी काय पळवलंस? मागे घे.”