स्थानिक वृत्तपत्राचे उत्तरदायित्व : बेंगळुरूचे उदाहरण

वृत्तपत्राच्या शीर्षभागी एखाद्या नगराचे नाव छापलेले असले म्हणजे ते पत्र त्या नगराचे झाले, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः मुद्रणाचे स्थळ आणि वृत्तपत्राचे स्थानिकत्व या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याच्या लेखकाला आपल्या वाक्याचा जाब उद्या सकाळी वाचक प्रत्यक्ष भेटून विचारू शकतो, ते स्थानिक पत्र. मुकुंदराव पाटील यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ चालविलेले ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक या अर्थाने पूर्णतः स्थानिक होते. त्यातील विचार अखिल समाजाला उद्देशून होता. परंतु संपादकाला रोज भेटणारा माणूस शेतकरी होता, आणि त्या भेटीने त्याची भाषा घडविली होती. स्थानिक वृत्तपत्राच्या आजच्या अडचणींचा आणि संधींचा विचार करताना हे उत्तरदायित्वच कसोटी म्हणून वापरले पाहिजे. त्या कसोटीवर तपासण्यास बेंगळुरूइतके बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. कारण वाचक, पैसा आणि लेखक या तिहींची त्या नगरात कधीच वाण नव्हती.

बेंगळुरूच्या पत्रव्यवसायाचा आरंभ साहित्यिकांच्या हातून झालेला दिसतो. मैसूर संस्थानात १९०८ मध्ये वृत्तपत्रांवर निर्बंध लादणारा कायदा झाला. त्या कायद्याच्या छायेतच डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९१३ मध्ये ‘कर्नाटक’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. पुढे ‘मंकुतिम्मन कग्ग’मुळे कन्नड घराघरांत पोहोचलेले आणि १९६७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले गुंडप्पा हे मुळात पत्रकार होते, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असतेच असे नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांना त्यांनी आदर्श मानले, त्यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले आणि १९४५ मध्ये बेंगळुरूत त्यांच्या नावाने सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली. संयम, अचूक माहिती आणि लोकशिक्षण हा गोखल्यांचा वारसा अशा रीतीने कन्नड पत्रकारितेत उतरला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये के. एन. गुरुस्वामी यांनी ‘डेक्कन हेरल्ड’ आणि ‘प्रजावाणी’ ही दोन दैनिके काढली. एकाच घरातून निघणारी, एक इंग्रजी आणि एक कन्नड, अशी ही पत्रे म्हणजे त्या द्विभाषिक नगराचे यथार्थ प्रतिबिंब होते.

परंतु वृत्तपत्राचे स्थानिकत्व केवळ संपादकाच्या वृत्तीवर अवलंबून नसते. अंकाचा खर्च कोण सोसतो, यावरही ते अवलंबून असते. हा प्रश्न न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात ओळखला होता. धनवान पत्र पुष्कळ पाने अल्प किमतीत देऊ लागले तर लहान पत्र टिकणार नाही, म्हणून पृष्ठसंख्येनुसार किंमत ठरवून द्यावी, अशी शिफारस आयोगाने केली. त्यानुसार १९५६ मध्ये कायदा आणि १९६० मध्ये आदेश निघाला. या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने. १९३२ मध्ये नानासाहेब परुळेकरांनी स्थापिलेले हे पत्र गावोगावच्या वार्तांवर वाढलेले, म्हणजे अस्सल स्थानिक होते. आदेशाप्रमाणे त्याला एक तर किंमत वाढवावी लागली असती, नाही तर पाने कमी करावी लागली असती. वाचकांची संख्या घटविणारा निर्बंध हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरीलच निर्बंध होय, असे मानून न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा रद्द ठरविला.

हा निर्णय तत्त्वतः योग्यच होता. शासनाच्या हाती पृष्ठसंख्येची किल्ली असणे कोणत्याही लोकशाहीला परवडणारे नाही. तथापि आयोगाने वर्णिलेला रोग त्यामुळे नाहीसा झाला नाही, त्यावरील एक औषध तेवढे वर्ज्य ठरले. पुढील काळात अंकाची किंमत आणि अंकाचा खर्च यांतील अंतर वाढत गेले व ते जाहिरातीने भरून काढण्याची रीत पडली. कर्नाटकात या रीतीचे टोक १९९९ मध्ये दिसले. वाहतूक व्यवसायातील उद्योजक विजय संकेश्वर यांनी ‘विजय कर्नाटक’ हे दैनिक अत्यल्प किमतीत व अनेक ठिकाणांहून एकाच वेळी प्रसिद्ध करून काही वर्षांत अग्रस्थानी नेले. २००६ मध्ये ते मुंबईच्या ‘टाइम्स’ समूहाने विकत घेतले. या स्पर्धेने वृत्तपत्र अनेक नव्या वाचकांपर्यंत पोहोचले, जिल्ह्याजिल्ह्याची पाने निघाली, हे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र वाचक पत्राचा ग्राहक उरला नाही; जाहिरातदारापुढे मांडावयाची संख्या झाला. जाब विचारण्याचा त्याचा अधिकार तितक्याच प्रमाणात क्षीण झाला.

याच नगरात याच्या नेमका उलट प्रयोगही घडला. कथाकार, कवी आणि नाटककार पी. लंकेश यांनी १९८० मध्ये ‘लंकेश पत्रिके’ हे साप्ताहिक काढले आणि जाहिरात न घेण्याचा नियम पाळला. अंकाचा भार वाचकाने सोसावा आणि संपादकाने वाचकाखेरीज कोणाचे देणे लागू नये, असा हा सरळ व्यवहार होता. तालुक्यातील राजकारण, धरणाचे कंत्राट, वसतिगृहातील गैरकारभार हे विषय त्यात रस्त्यावरच्या कन्नडमध्ये येऊ लागले आणि त्यांच्याच शेजारी कथा, कविता, समीक्षा येऊ लागली. वाङ्मयाच्या दृष्टीने याचे फळ मोठे आहे. सारा अबूबकर यांची ‘चंद्रगिरिय तीरदल्लि’ ही कादंबरी प्रथम याच पत्रातून क्रमशः आली. ज्यांच्या कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला, त्या बानू मुश्ताक यांनीही या पत्रासाठी वार्ताहर म्हणून काम केले होते. लेखिकेची प्रतिभा वृत्तपत्राने निर्माण केली, असे अर्थात म्हणता येणार नाही. परंतु कोणाच्या दारात उभे राहून कोणता प्रश्न विचारावा आणि उत्तरातील कोणता शब्द जसाच्या तसा ठेवावा, हे शिक्षण स्थानिक वार्ताहराला जितके मिळते तितके क्वचितच अन्यत्र मिळते.

या प्रयोगाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पत्र एका व्यक्तीच्या तेजावर उभे होते. जानेवारी २००० मध्ये लंकेश निवर्तल्यानंतर वारसाचा प्रश्न उद्भवला. त्यांच्या कन्या गौरी लंकेश यांनी प्रथम ते पत्र आणि २००५ पासून स्वतःचे स्वतंत्र साप्ताहिक चालविले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूतील त्यांच्या घरासमोर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. लेखक आणि वाचक एकाच रस्त्याने जातात, हे स्थानिक पत्राचे बळ आहे. तेच त्याचे भयही आहे, हे या घटनेने दाखविले. मोठ्या दैनिकाच्या वार्ताहरामागे निदान संस्था उभी असते. लहान पत्राच्या संपादकामागे पुष्कळदा घराची भिंतच काय ती असते.

आजच्या अडचणी याहून व्यापक आहेत. १९५१ मध्ये सुमारे आठ लाख वस्तीचे हे नगर २०११ च्या जनगणनेत सुमारे चौऱ्यांशी लाखांवर गेले. २००७ मध्ये आसपासची लहान नगरे आणि ११० खेडी महापालिकेत सामील झाली. या खेड्यांना नगराचे नाव मिळाले, पाणी मात्र मिळाले नाही; त्यांच्यासाठीच आखलेला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात देशभरच्या पत्रांनी ‘बेंगळुरू तहानले’ असे मथळे दिले. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या त्या वस्त्यांना ही तहान कित्येक वर्षे परिचित होती. राष्ट्रीय पत्राला जी गोष्ट संकट झाल्यावर वार्ता वाटते, ती स्थानिक पत्राने संकट होण्यापूर्वीच नोंदवायची असते; हे दुर्लक्षिलेले कामच त्याच्या अस्तित्वाचे समर्थन होय. त्यातच महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूक झाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच महापालिका करण्यात आल्या. प्रभागात प्रश्न विचारावयास नगरसेवकच नसतो, तेव्हा विचारणारा दुसरा कोण, हा प्रश्न वृत्तपत्रासमोर येऊन ठाकतो.

नेमक्या याच वेळी स्थानिक पत्राचा आर्थिक आधार ढासळला आहे. कोपऱ्यावरील दुकानदार, शिकवणीचा वर्ग, विवाहमंडळ यांच्या छोट्या जाहिराती भ्रमणध्वनीवरील जागतिक कंपन्यांकडे वळल्या. २०२० च्या साथीत घरोघरच्या अंकवाटपात खंड पडला आणि अंक घेण्याची सवयही पुष्कळांची सुटली. भाषेचा प्रश्न वेगळाच आहे. कन्नड मातृभाषा असलेले लोक बेंगळुरू शहर जिल्ह्यात निम्म्याहून कमी आहेत. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी बोलणारा तेथील रहिवासी पुष्कळदा आपल्या मूळ जिल्ह्याची वार्ता भ्रमणध्वनीवर वाचतो. परंतु स्वतःच्या प्रभागातील तलावाचे काय झाले, हे त्याला ठाऊक नसते. गावाची बातमी जवळ आली, शेजारची दूर गेली, अशी ही विपरीत अवस्था आहे.

तरीही संधी नाही असे नव्हे. कागद, छपाई आणि वितरण या तीन खर्चांनी पूर्वी लहान पत्राचा बळी घेतला. आता तिन्ही टाळता येतात. २००८ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेले ‘सिटिझन मॅटर्स’ हे संगणकजालावरील पत्र याचे उदाहरण होय. प्रभाग, तलाव, कचरा, वाहतूक, पाणी एवढ्याच विषयांवर ते लिहीत राहिले, आणि जाणकार नागरिकांनाही त्याने लेखक केले. माहितीच्या अधिकाराने २००५ पासून अशा पत्रांच्या हाती कार्यालयीन कागद दिला. पुढे त्यातील तरतुदी संकोचल्याने हे साधन बोथट होण्याची भीती मात्र निर्माण झाली आहे. शिवाय संगणकजालावरही जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. देणगीवर चालणारे पत्र देणगीदाराच्या मुदतीपुरते जगते आणि वाचनसंख्येवर चालणारे पत्र लवकरच नगर सोडून चित्रपटाकडे वळते. वाचकाची नियमित वर्गणी, अल्प का होईना, हाच अखेर विश्वासार्ह आधार ठरतो. लंकेश यांनी १९८० मध्ये घातलेला पायंडा म्हणूनच कालबाह्य झालेला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी वृत्तपत्रीय लेखनाला दुय्यम मानण्याची रूढी जुनी आहे. मात्र बोलीतील शब्द, गल्लीबोळांची नावे, कार्यालयातील भाषेचे ढोंग, सामान्य माणसाच्या तक्रारीची लय या सर्वांची पहिली नोंद वाङ्मयाआधी स्थानिक पत्रात होते. असे पत्र बंद पडले म्हणजे वार्ता थांबतेच, शिवाय उद्याच्या कादंबरीकाराचे टिपणवहीचे पानही कोरे राहते. बेंगळुरूसारख्या बहुभाषिक नगरात एका भाषेतील शेजारची वार्ता दुसऱ्या भाषेत नेणारा अनुवादक हा तर वार्ताहराइतकाच आवश्यक आहे, आणि हे काम लेखकांवाचून होणारे नाही. गुंडप्पा आणि लंकेश यांचे मार्ग भिन्न होते. एकाचा संयमाचा, दुसऱ्याचा प्रहाराचा. पत्र लिहिणे हे लेखकाच्या कामाचा भाग आहे, याविषयी मात्र दोघांत मतभेद नव्हता. हा समज पुन्हा रूढ झाला आणि वाचकाने अंकाचे मूल्य देण्याची तयारी ठेवली, तरच नगराच्या नावाने निघणारे पत्र त्या नगराचे राहील.