डबीवर काय लिहिलंय, वाचलंत का?

मोबाइल घेताना आपण फीचर्सची अख्खी कुंडली मांडतो. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती, हेही हल्ली बघतो. पण रोज चेहऱ्याला लावायची क्रीम? मैत्रिणीने सांगितली, पार्लरवालीने दिली, घेतली... बस्स!

ही सवय किती महागात पडू शकते, ते जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याच्या बातमीने दाखवून दिलं. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण. तिघींनाही किडनीचा त्रास सुरू झाला. तिघी स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएममध्ये शोध लागला आणि क्रीममध्ये सापडला चक्क पारा!

पारा त्वचेतलं मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. केरळच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ पेशंट तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

नाक्यावरची तुलना

अकोल्याहून वाशीममार्गे हिंगोलीकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. लग्नाला जाताना चहासाठी थांबले आणि समोरच्या जनरल स्टोअर्समध्ये शिरले. काउंटरवर दोन कंपन्यांची लोशन्स मांडून घेतली. एक स्वस्त, दुसरं जवळपास तिप्पट किमतीचं, वर केशराचं चित्र! मागची यादी वाचली. दोन्हीकडे पहिली नावं तीच : अ‍ॅक्वा म्हणजे आपलं साधं पाणी, मग ग्लिसरीन, मग खनिज तेल. ‘क्रोकस सॅटायव्हस’, म्हणजे केशर, कुठे होतं? पार शेवटी, सुगंधाच्या शेजारी!

यादीचा फंडा सोपा आहे. आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कुठल्याही क्रमाने. मग ही एक टक्क्याची रेघ ओळखायची कशी? फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह शोधा. त्याला मर्यादाच एक टक्क्याची आहे, म्हणजे त्याच्यानंतरची नावंही साधारण चिमूटभरच. अर्थात चिमूटभर म्हणजे निरुपयोगी, असं नाही. रेटिनॉल अगदी थोडंही काम करतं. पण चित्रातल्या केशरासाठी तिप्पट पैसे मोजायचे का, ते तुम्ही ठरवा.

तेवढ्यात दुकानदारकाकांनी खालून एक छोटी डबी काढली. ‘‘ताई, ही घ्या ना! आठ दिवसात फरक नाही पडला तर पैसे वापस.’’

डबी उलटीपालटी करून बघितली. यादी नाही, कंपनीचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही. आत काय होतं, मला माहीत नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे. पारा घालणारा काही ‘पारा’ असं छापत नाही. त्यामुळे यादी वाचायची कला फक्त यादी असलेल्या मालावर चालते. आणि आठ दिवसांत गोरं करण्याची हमी हीच धोक्याची घंटा. मी ती डबी काकांना परत दिली.

मेडिकलमधली ट्यूब

तिसरा प्रकार त्याहून फसवा, कारण त्यावर सगळं छापलेलं असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन : ही सगळी स्टिरॉइड्स. डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी दिली तर औषध. ‘फेअरनेस’ म्हणून महिनोन् महिने चोपडली तर त्वचा पातळ होते, लाल पडते, पिंपल्स येतात, चेहऱ्यावर लव वाढते. थांबवलं की त्रास आणखी उसळतो, म्हणून मुली पुन्हा तीच ट्यूब आणतात! २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड्स ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. तरी ‘ते मागच्या वेळचं द्या’ म्हणून मागणारे आपणच असतो ना?

घेण्याआधी एक मिनिट

* निर्मात्याचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि मुदत पाहा. नसेल तर सरळ परत.
* कॅलोमेल, मर्क्युरस, मर्क्युरिक असं काही दिसलं तर हातही लावू नका.
* दोन क्रीम्सची तुलना करताना पहिली पाच नावं शेजारी शेजारी वाचा.
* नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारा.
* अशी एखादी डबी वापरत असाल आणि पाय किंवा चेहरा सुजला, लघवीला फेस आला तर डॉक्टरांकडे जाताना ती डबीही बरोबर न्या.

१९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून टाकलं. आपल्या डोक्यातलं कधी निघणार? ते निघेपर्यंत निदान डबी उलटी करून वाचायला काय हरकत आहे?