वारली मुलीचे वयात येणे आणि दास्यमुक्ती

भगवान बुद्धांनी उपासकांस जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्याबरोबर माणसांचा व्यापारही येतो. अंगुत्तर निकायातील हा उपदेश सम्यक आजीविकेचा पाया आहे. माणूस विकत घेता येतो असे जेथे मानले जाते, तेथे विकणारा, घेणारा आणि विकला जाणारा या तिघांचेही जीवन दूषित होते. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, डहाणू आणि तलासरीच्या डोंगरपट्टीत, १९४५ सालापर्यंत माणसे अशी बांधली जात होती. त्या दास्याचा सर्वांत मोठा भार वयात येणाऱ्या वारली मुलीवर पडत होता. तिच्या मुक्तीची ही हकीकत धम्माच्या अभ्यासकांनी समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

लग्न आणि गुलामी

वारली समाजात मुलगी वयात आली की तिच्या लग्नाचा विचार सुरू होई. हा या समाजाच्या जीवनातील मोठा आनंदसोहळा. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात आणि लग्न लावण्याचा मान 'धवलेरी' या स्त्रीकडे असतो. ज्या समाजात विवाहविधीची सूत्रे स्त्रीच्या हाती होती, त्याच समाजातील स्त्रीच्या वाट्याला लग्नाच्या दिवसापासून गुलामी यावी, ही मोठी शोकांतिका होय.

असे घडण्याचे कारण कर्ज. मुलीच्या बापाला द्यावयाचे देज, धान्य, कापड यांसाठी नवऱ्या मुलाकडे पैसा नसे. तो जमीनदार-सावकाराकडे जाई. घेतलेल्या पैशाच्या बदल्यात त्याने त्याच्या घरी व शेतावर राबावयाचे. हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही वाचता येणारा वारल्यांत कोणी नाही. त्यामुळे वर्षे सरली तरी कर्ज सरत नसे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. त्याच्याबरोबर त्याची पत्नीही राबे, आणि धन्याची वासना तिच्यावर गेली तर दाद मागण्यास जागा नसे. ब्रिटिश अमदानीत १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने सादर केलेल्या सरकारी अहवालातही वेठ, मारहाण आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची नोंद आहे. म्हणजे सरकारला हे ठाऊक होते.

मुलीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? तिचे वाढणे हेच तिचे संकट होते. बालपणी ती गुरे राखी, धाकटी भावंडे सांभाळी, आवणीला व गवताला जाई. मोठी झाली की लग्न, आणि लग्न म्हणजे दुसऱ्याच्या कर्जात जाणे.

झरी आणि तलवाडा

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे उंबरगाव तालुक्यातील झरीचे माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांची स्थिती मांडली. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासींची परिषद झाली. वेठ करावयाची नाही. रोज बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करावयाचे नाही. मारहाण मुकाट्याने सोसावयाची नाही. एकी सोडावयाची नाही, असे तेथे ठरले. काही आठवड्यांतच वेठ मोडली. पाठोपाठ गावोगावचे लग्नगडी मुक्त करण्यात आले.

पुढे गवतकापणीचा संप आला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही मागणी. हे काम स्त्री-पुरुष दोघेही करीत. त्यामुळे संप प्रत्येक झोपडीतला झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा पसरवून हजारो वारल्यांना तलवाडा येथे जमविण्यात आले आणि त्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरीही चळवळ मोडली नाही. गोदावरीबाईंनी ही सर्व कथा 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात सांगितली असून त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आहे.

अशा काळात वाढलेल्या खेड्यातील मुलीचे चित्र बौद्ध परंपरेच्या व्हिएतनाम देशातही दिसते. दा नांगजवळच्या खेड्यात १९४९ साली जन्मलेल्या ले ली हेस्लिप यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आपले वयात येणे सांगितले आहे. सरकारी फौज आणि गनीम या दोघांच्याही संशयाची व अत्याचाराची ती बळी ठरली. दोन्ही बाजू तिच्या नावाने लढत होत्या. तिला मात्र कोणी विचारीत नव्हते. डहाणूच्या वारली मुलीचे भाग्य एवढेच की, येथील लढ्याने तिच्या घराचे दास्यच आधी तोडले.

पुण्णा आणि बाबासाहेब

थेरीगाथेत पुण्णा ही श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी आहे. कडाक्याच्या थंडीत धनिणीच्या दंडाच्या भयाने ती नदीवर पाणी भरण्यास जाते. तेथे पाप धुण्यासाठी कुडकुडत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणास ती निर्भयपणे विचारते की, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक व कासवे यांनाही स्वर्ग मिळावयास हवा. पुढे ती दास्यातून मुक्त होऊन भिक्खुणी होते. दासीच्या मुलीने प्रश्न विचारणे, हीच तिच्या मोठे होण्याची खूण आहे. झरीनंतर 'आम्ही वेठीला का यावे?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला, तेव्हा वारली समाजही त्याच अर्थाने वयात आला.

या चळवळीशी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा धागाही आहे. शामराव परुळेकर १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. खोतीविरुद्ध जानेवारी १९३८ मध्ये विधिमंडळावर निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात ते बाबासाहेबांबरोबर होते. पुढे त्यांनी साम्यवादी मार्ग धरला. त्या मार्गाविषयी बाबासाहेबांचे मतभेद १९५६ च्या काठमांडू येथील भाषणात स्पष्ट आहेत. बळापेक्षा मनःपरिवर्तन हे साधन त्यांनी श्रेष्ठ मानले. परंतु दुःखाचे निवारण व्हावयास हवे, याविषयी दुमत नव्हते. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, बेगार आणि सक्तीची मजुरी यांस मनाई केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी हा गुन्हा ठरविला.

उरलेले कार्य

दास्य तुटले तरी वही वाचता येत नसेल तर नवे दास्य येते. म्हणूनच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेले काम मोलाचे आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. आज तलासरीत गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ज्यांच्या आज्या सावकाराच्या अंगणात राबल्या, त्यांच्या नातींना आता शिक्षणाचे दार उघडे आहे.

सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, चांगले पदार्थ वाटून खाणे आणि वेळोवेळी सुटी देणे. वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा दुसऱ्याच्या घरी राबणारी मुलगी आपल्याही वस्तीत असते. तिला उचल देऊन बांधले आहे काय, ती शाळेत जाते काय, एवढे विचारणे प्रत्येक उपासक-उपासिकेस शक्य आहे. ते आपण विचारावे, असे आमचे नम्र आवाहन आहे.