स्थापत्यविशारदांचा सन्मान

पुण्याच्या पश्चिमेस असलेले कोथरूड हे एके काळी शेतामळ्यांनी वेढलेले लहानसे गाव होते. आज ते पुणे महानगराचा एक गजबजलेला भाग झाले आहे. सकाळ झाली की तेथे घरोघरी नळाला पाणी येते. माणसे पुलांवरून मुठा नदी ओलांडतात आणि शहरात आपापल्या कामाला जातात. परंतु हे पाणी कोणी अडविले, हे पूल कोणी उभारले, असा प्रश्न त्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल?

गवयाचे गाणे ऐकले की श्रोते टाळ्या वाजवितात. खेळाडूने सामना जिंकला की लोक त्याला खांद्यावर घेतात. स्थापत्यविशारदाचे, म्हणजे रस्ते, पूल, धरणे बांधणाऱ्या अभियंत्याचे, भाग्य मात्र निराळे असते. त्याचे काम जितके चांगले, तितके लोक त्याला विसरतात. पूल भक्कम असला की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो खचला की साऱ्या गावाचे डोळे त्याच्याकडे वळतात. यश डोळ्यांआड आणि अपयश चव्हाट्यावर, अशी या व्यवसायाची रीत आहे. म्हणून समाजाला अशा माणसांची आठवण मुद्दाम ठेवावी लागते. आपल्या देशात त्यासाठी एक दिवस नेमलेला आहे. १५ सप्टेंबर हा तो अभियंता दिन. हा दिवस मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस होय, आणि त्यांच्या कीर्तीचा पाया पुण्याच्या परिसरातच घातला गेला.

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले. बंगळूरचे शिक्षण संपवून, शिष्यवृत्तीच्या आधारावर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले. हेच महाविद्यालय पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला आणि पुढच्याच वर्षी ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

त्या काळी पुण्याला पाणी पुरविणारे मोठे धरण म्हणजे खडकवासल्याचे. कर्नल फाइफ या इंग्रज अभियंत्याच्या योजनेप्रमाणे बांधलेले हे दगडी धरण १८७९ साली पूर्ण झाले होते. त्याचा डावा कालवा कोथरूडच्या बाजूने जात असे. पावसाळ्यात धरण तुडुंब भरे, आणि महापुराच्या वेळी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाई. उन्हाळ्यात मात्र पाण्याची टंचाई भासे. जे पाणी पावसाळ्यात फुकट जाते, त्याचीच उन्हाळ्यात वाण पडते. मग ते राखून का ठेवू नये?

सरळ उपाय म्हणजे सांडव्याची भिंत उंच करणे. परंतु सांडवा उंच केला तर महापुराचे पाणी त्याहूनही वर चढणार आणि साऱ्या धरणाला धोका पोहोचणार. विश्वेश्वरय्यांनी वेगळा विचार केला. पुराच्या वेळी पाणी जेथवर चढते, तेथवरचा भार हे धरण दरवर्षी सहन करीतच आहे. तेव्हा सांडव्यावर तेवढ्या उंचीची लोखंडी दारे बसविली आणि पूर येताच ती उघडली, तर धरण उंच न करताही पाणीसाठा वाढेल. पण मध्यरात्री पूर आला तर दारे उघडणार कोण? यासाठी त्यांनी दारांना वजने जोडून त्यांचा तोल असा साधला, की पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दारे आपोआप उघडावीत आणि पूर ओसरला की आपोआप मिटावीत. माणसाचा हात लागण्याचे कारणच उरले नाही. १९०३ साली ही स्वयंचलित दारे खडकवासल्यास बसविण्यात आली आणि पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली.

या कल्पनेचे त्यांनी पेटंट घेतले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावर याच तऱ्हेची दारे बसली. अभियंत्याच्या खऱ्या सन्मानाचे हे पहिले चिन्ह होय. एका गावी सुचलेली युक्ती दुसऱ्या गावच्या लोकांनी विश्वासाने उचलावी, याहून मोठी शाबासकी ती कोणती?

विश्वेश्वरय्या दुसऱ्यांना देत, तसेच दुसऱ्यांकडून घेतही. १८९८ साली ते जपानला गेले. तो लहानसा देश उद्योगधंद्यांत आणि शिक्षणात एवढा पुढे कसा गेला, हे त्यांनी बारकाईने पाहिले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते परदेशच्या प्रवासात असतानाच, १९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची दुर्दशा झाली. तेथील निजामाच्या सरकारने त्यांना बोलावून घेतले. त्यांनी सुचविलेल्या योजनेतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे उभी राहिली. पुण्यात शिकलेली विद्या हैदराबादच्या रक्षणाच्या कामी आली. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ साली त्यांना ‘भारतरत्न’ हा देशाचा सर्वोच्च सन्मान लाभला.

परंतु विद्येची देवाणघेवाण केवळ यशाचीच करून भागत नाही. अपयशाचीही करावी लागते. डिसेंबर १९५९ मध्ये फ्रान्समधील मालपासे येथील काँक्रीटचे धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे मरण पावली. धरणाच्या पायाखालच्या खडकातील कच्चे दुवे आणि त्यांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी घात केला होता. ही कारणे उघड झाल्यावर देशोदेशीचे अभियंते पायाखालचा खडक अधिक काटेकोरपणे तपासू लागले.

त्यानंतर दोन वर्षांच्या आतच पुण्यावरही असा प्रसंग ओढवला. १२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम पुरते संपलेले नसताना, पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खालच्या अंगाचे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले, अनेकांचे प्राण गेले आणि हजारो संसार उघड्यावर पडले. पुढे दोन्ही धरणे पुन्हा बांधण्यात आली. आज खडकवासल्यास वेगळ्या बनावटीची दारे आहेत. विश्वेश्वरय्यांची दारे इतिहासजमा झाली. त्या आपत्तीने एक गोष्ट सर्वांना शिकविली. धरणाच्या कामात झालेली चूक एका माणसाची राहत नाही. तिचे मोल साऱ्या गावाला द्यावे लागते. म्हणूनच अशी चूक झाकून ठेवणे हा अपराध, आणि तिचा अभ्यास करून तो जगापुढे मांडणे हे कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य पार पाडण्यासाठी १९२८ साली मोठ्या धरणांचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्याचे मुख्य कार्यालय पॅरिस येथे आहे. निरनिराळ्या देशांतील धरणतज्ज्ञ त्याच्या परिषदांना जमतात, आपले अनुभव सांगतात आणि दुसऱ्यांचे ऐकतात. भारतही या आयोगाचा सभासद आहे.

अशी देवाणघेवाण पाहण्यासाठी कोथरूडच्या मुलाला पॅरिसला जाण्याचेही कारण नाही. खडकवासल्यास, धरणाच्या अगदी शेजारी, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई सरकारने १९१६ साली लहान प्रमाणावर सुरू केलेल्या या कामाचे आज मोठे केंद्र झाले आहे. एखादे धरण किंवा बंदर बांधण्यापूर्वी येथे त्याची लहान प्रतिकृती तयार करतात. तिच्यातून पाणी सोडून ते कोठे वेग घेते, कोठे काठ पोखरते, कोठे गाळ साठविते, हे पाहतात. प्रतिकृतीत झालेली चूक थोड्या खर्चात सुधारता येते. ती नदीवर झाली तर माणसांचे जीव धोक्यात येतात.

सर क्लॉड इंग्लिस हे आयरिश अभियंते अनेक वर्षे या केंद्राचे प्रमुख होते. नद्यांच्या स्वभावाचा त्यांनी येथे सखोल अभ्यास केला. पुढे ब्रिटनमध्ये जलसंशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली, तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून त्यांचीच निवड झाली. ज्ञान नेहमी पश्चिमेकडूनच पूर्वेकडे येते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मुठेच्या काठी मिळविलेला अनुभव टेम्सच्या काठी उपयोगी पडला. १९७१ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आशियाविषयक आर्थिक आयोगानेही या केंद्राला विभागीय प्रयोगशाळा म्हणून मान्यता दिली.

पदव्या, पदके आणि पुतळे यांना महत्त्व आहेच. कारण ज्याचे काम दिसत नाही, त्याचे नाव तरी लोकांना दिसले पाहिजे. परंतु त्याहून थोर असा एक सन्मान आहे. एकाने कष्टाने मिळविलेले ज्ञान दुसऱ्याने तपासून पाहावे, त्यात भर घालावी आणि आणखी एखाद्या गावाला पाणी किंवा अभय द्यावे, हा तो सन्मान होय. नदीला जसे एकाच गावात अडकून राहता येत नाही, तसे विद्येलाही. ती वाहती ठेवणारा अभियंता, तो कोणत्याही देशाचा असो, साऱ्या मानवजातीच्या कृतज्ञतेस पात्र आहे.