यात्रेतील ऊब आणि जयणा

छत्रपती संभाजीनगरहून हिवाळ्यात सम्मेदशिखरजीस सहकुटुंब निघणाऱ्या गाडीत शेगडी, सिलिंडर आणि विजेचा हीटर आवर्जून घेतले जातात. प्रासुक पाणी व सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांसाठी शेगडी हवीच. पण तिची जागा गाडीबाहेर, मोकळ्यावर. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या रेल्वेच्या पर्यटक डब्यात सिलिंडरमुळे आग लागून 9 यात्रेकरू मृत्युमुखी पडले.

घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. तो हवेहून जड असल्याने गळती होताच गाडीच्या तळाशी साचतो. उबेसाठी बंद गाडीत शेगडी पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसल्यामुळे झोपलेल्यांना जागच येत नाही.

हीटरला ज्वाला नाही. तरी 1500 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर, तर गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून सव्वाशे अँपिअर प्रवाह ओढील. म्हणून तो धर्मशाळेतील जाड पिनेच्या सॉकेटवरच लावावा. गाडीत रजया व गरम पाण्याच्या रबरी पिशव्या वापराव्यात.

गॅसचा वास आल्यास 1906 या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद असल्याची खात्री करणे हीसुद्धा जयणाच होय.