हजार अश्वांचा भार पेलणार कोण?

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या की वेस्ट बेटावर दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात खुल्या समुद्रातील वेगवान बोटींच्या शर्यती भरतात. ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने लाटांच्या माथ्यावरून झेपावणाऱ्या या बोटी पाहताना प्रेक्षकांचे सारे लक्ष इंजिनांच्या गर्जनेकडे असते. मात्र एखादी बोट शर्यत अर्धवट सोडून दुसऱ्या बोटीच्या दोराने ओढत धक्क्याला आणली जाते, तेव्हा पुष्कळदा तिचे इंजिन ठणठणीत असते. मोडलेले असते ते इंजिन आणि पंखा यांच्यामधले यंत्र, म्हणजे स्टर्न ड्राइव्ह. शर्यतीत अशा बिघाडाने फार तर क्रमांक जातो. किनाऱ्यापासून पंधरा-वीस मैलांवर, वारा वाढलेला आणि बोटीत कुटुंब बसलेले असताना हेच घडले, तर प्रश्न जिवाचा होतो. म्हणूनच अधिक अश्वशक्तीची बोट घेताना 'इंजिन किती ताकदीचे?' या प्रश्नाच्या जोडीला 'ही ताकद पंख्यापर्यंत नेणारे यंत्र किती टिकाऊ?' हाही प्रश्न विचारावा लागतो.

दोन काटकोनांचा प्रवास

स्टर्न ड्राइव्हची रचना समजायला सोपी आहे. इंजिन बोटीच्या आत, पिछाडीच्या उभ्या फळीला लागून बसवलेले असते. त्याचा शाफ्ट फळीतून बाहेर पडतो. तेथे पिछाडीला लटकणाऱ्या 'पाया'च्या वरच्या पेटीत तिरप्या दात्यांचे गिअर त्याची गती काटकोनात खाली वळवतात. उभा शाफ्ट ती गती खालच्या पेटीपर्यंत नेतो. तेथे गिअरची दुसरी जोडी तिला पुन्हा काटकोनात वळवते आणि पंखा फिरतो. हा संपूर्ण पाय डावीकडे-उजवीकडे वळतो, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही. तो वर-खाली कलवता येतो, त्यामुळे बोटीचे नाक किती उचलायचे हेही चालकाच्या हाती राहते.

ही कल्पना बाजारात आणली स्वीडनच्या व्हॉल्व्हो पेंटा कंपनीने. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात तिने 'अ‍ॅक्वामॅटिक' सादर केली. त्यामागे जिम विन या अमेरिकी अभियंत्याची कल्पना होती. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, अमेरिकेच्या किकहेफर कंपनीने 'मर्क्रूझर' ही आपली स्टर्न ड्राइव्ह आणली. पहिल्या अ‍ॅक्वामॅटिकचे इंजिन सुमारे ८० अश्वशक्तीचे होते. मर्क्युरी रेसिंगने २०१० साली बाजारात आणलेले इंजिन १,३५० अश्वशक्तीचे होते. गतीला दोन काटकोनांतून वळवण्याची पद्धत मात्र तीच राहिली. टिकाऊपणाचा सारा प्रश्न या दोन काटकोनांभोवतीच फिरतो.

अश्वशक्ती नव्हे, पीळ

गिअरचे दाते आणि शाफ्ट यांना अश्वशक्ती ठाऊक नसते. त्यांना जाणवतो तो टॉर्क, म्हणजे पीळ. अश्वशक्ती ही पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून येते. त्यामुळे दोन इंजिनांची अश्वशक्ती सारखी असूनही ड्राइव्हवर येणारा ताण वेगळा असू शकतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर ६०० अश्वशक्ती देणारे इंजिन त्या वेळी सुमारे ७१२ न्यूटन-मीटर पीळ देते. तीच ६०० अश्वशक्ती ४,००० फेऱ्यांवर मिळवली, तर पीळ होतो सुमारे १,०६८ न्यूटन-मीटर, म्हणजे दीडपट. पहिल्या इंजिनाला वर्षानुवर्षे साथ देणारी ड्राइव्ह दुसऱ्यामागे एका हंगामात गारद होऊ शकते. डिझेल इंजिने कमी फेऱ्यांत अधिक पीळ देतात. त्यांच्यासाठी अधिक भक्कम ड्राइव्ह लागते, ती याचमुळे.

मूळच्या इंजिनाला सुपरचार्जर जोडून शक्ती वाढवणाऱ्या हौशी मालकांची फसगत येथेच होते. वाढलेला वेग लगेच दिसतो. दात्यांच्या मुळाशी पडू लागलेली बारीक तड दिसत नाही.

हवेत सुटलेला पंखा

इंजिनाचा सततचा पीळ हा या कहाणीचा अर्धाच भाग. खुल्या समुद्रात बोट लाटेवरून उडते, तेव्हा पंखा पाण्याबाहेर येतो. पाण्याचा विरोध संपताच इंजिनाच्या फेऱ्या एकदम वाढतात. क्षणभरात बोट खाली आदळते, पंखा पुन्हा पाण्यात शिरतो आणि त्याचा वेग एकाएकी रोखला जातो. इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि जड चक्र मात्र त्याच वेगाने फिरू पाहतात. त्यांच्यात साठलेली ऊर्जा गिअरच्या दोन-चार दात्यांवर एकदम येऊन पडते. हा झटका इंजिनाच्या कमाल पिळाहूनही मोठा असतो. खवळलेल्या समुद्रात असा झटका तासाभरात शेकडो वेळा बसतो.

खुल्या समुद्रातील शर्यतींच्या मोठ्या बोटींत दोघे जण असतात, त्याचे कारण हेच. एक जण सुकाणू सांभाळतो, तर दुसऱ्याचा हात केवळ थ्रॉटलवर असतो. बोट उडताच त्याने थ्रॉटल सैल सोडायचा आणि पंख्याने पाणी धरल्यानंतर पुन्हा द्यायचा. या हाताचा अंदाज चुकला, तर सर्वांत महागडी ड्राइव्हही टिकत नाही. हौशी मालक बहुधा दोन्ही कामे एकटाच करतो. त्याने ड्राइव्ह निवडताना शर्यतपटूपेक्षा अधिक सावध राहणे इष्ट.

बोटीचे वजनही महत्त्वाचे. हलकी दुकाण्याची, म्हणजे कॅटामरान बोट पाण्यावर सहज उचलली जाते. तेवढ्याच इंजिनांची, खोल तळाची जड बोट पाणी कापत वर येईपर्यंत ड्राइव्हवर दीर्घकाळ ताण राहतो. त्यामुळे एका बोटीवर निभावलेली ड्राइव्ह दुसरीवर निभावेलच असे नाही.

उष्णतेचा छुपा मार

गिअर एकमेकांवर घासतात, तेव्हा शक्तीचा काही भाग उष्णतेत जातो. १,००० अश्वशक्तीतील एक टक्का जरी असा वाया गेला, तरी ती उष्णता सुमारे साडेसात किलोवॉट भरते. दोन किलोवॉटचे जवळजवळ चार गीझर हंड्याएवढ्या पेटीत चालू ठेवावेत, तसा हा प्रकार. खालची पेटी पाण्यात असल्याने तिला थंडावा मिळतो. वरची पेटी पाण्याबाहेर असते आणि तीच अधिक तापते. तेल अति तापले की पातळ होते, दात्यांमधला त्याचा पडदा फाटतो आणि धातू धातूवर घासू लागतो.

यावरचा साधा उपाय म्हणजे वरच्या पेटीवर समुद्राच्या पाण्याची धार सोडणारा फवारा. मोठ्या शक्तीसाठी मात्र 'ड्राय संप' पद्धत वापरली जाते. तीत गिअर तेलात बुडालेले नसतात. पंप तेलाची धार नेमकी दात्यांवर सोडतो, परतणारे तेल वेगळ्या टाकीत जाते आणि थंड होऊन पुन्हा येते. तेल घुसळण्यात वाया जाणारी शक्ती वाचते आणि तापमानही आटोक्यात राहते.

पायरी ओळखून निवड

मर्क्युरीच्या श्रेणीवरून या निवडीच्या पायऱ्या ध्यानात येतात. 'अल्फा वन' ही साधारण ३०० अश्वशक्तीपर्यंतची, सहलीच्या बोटींची ड्राइव्ह. 'ब्राव्हो वन' मोठ्या व्ही-८ इंजिनांसाठी आहे. तिचीच अधिक मजबूत केलेली 'एक्सआर' आवृत्ती पाचशे-सहाशे अश्वशक्तीच्या आसपास वापरली जाते. हजाराच्या टप्प्यावर 'नंबर सिक्स' आणि तिच्याही वर 'एम-८' या ड्राय संप ड्राइव्ह येतात. ब्राव्होमध्ये पुढे-मागे जाण्याचा क्लच वरच्या पेटीतच असतो. एम-८ मध्ये हे काम बोटीच्या आतील स्वतंत्र ट्रान्समिशनवर सोपवलेले आहे. त्यामुळे बाहेरच्या पायात गिअर, शाफ्ट आणि बेअरिंग यांना अधिक जागा मिळते.

खालच्या पेटीचा आकारही विचारात घ्यावा लागतो. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरपलीकडे साध्या पेटीभोवती पाण्याचा प्रवाह तुटतो, पोकळी तयार होते, पंख्याची पकड सुटते आणि बोट एकाएकी भरकटू शकते. वेगवान बोटींच्या 'स्पोर्टमास्टर' पेटीला म्हणूनच बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार नाक असते आणि थंडाव्याचे पाणी घेणारी छिद्रे खाली, नाकाजवळ असतात. दोन ड्राइव्ह असतील तर त्यांना जोडणारा दांडा आणि बाहेरून बसवलेले हायड्रॉलिक सुकाणू या चैनीच्या वस्तू नव्हेत. पायाला सुटे हलू दिले, तर त्याचे सांधे झिजतात आणि वेगात असलेली बोट हातातून जाते.

ज्यांना हे दोन काटकोनच नकोत, त्यांच्यासाठी हॉवर्ड आर्नेसन यांच्या नावाची 'सरफेस ड्राइव्ह' आहे. तीत शाफ्ट गोलाकार सांध्यातून थेट मागे जातो आणि पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरतो. काटकोनी गिअर नसल्याने ती दणकट असते. पण धक्क्याला लावताना, विशेषतः मागे घेताना, ती चालकाची परीक्षा पाहते. दुसरा पर्याय आउटबोर्डचा. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या पी-वन शर्यतीत मुंबईकरांनी पाहिलेल्या बोटी आउटबोर्डच्याच होत्या. मर्क्युरी रेसिंगने २०१९ मध्ये ४५० अश्वशक्तीचे आउटबोर्ड आणल्यापासून एकेकाळी स्टर्न ड्राइव्हच्या हक्काच्या असलेल्या अनेक बोटी तिकडे वळल्या आहेत. मात्र एका इंजिनातून हजार अश्वशक्ती हवी असेल, तर ड्राइव्हच्या निवडीला पर्याय उरत नाही.

तेल बोलते, ऐकणारा हवा

उत्तम ड्राइव्हही देखभालीवाचून टिकत नाही. तिची प्रकृती तेलावरून कळते. तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर कोठेतरी पाणी शिरले आहे. तेल सोडण्याच्या बुचाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची बारीक लुकण दिसणे ही नेहमीची झीज, पण बोटाला टोचणारे कण दिसले तर दाते किंवा बेअरिंग तुटू लागले आहे. इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत की नाहीत, हे ठरावीक काळाने दांडा घालून तपासावे लागते. ही रेष थोडी जरी ढळली, तरी जोडसांधा आणि फळीतील बेअरिंग लवकर झिजते. जोडसांध्यावरील रबरी आवरण फाटले, तर खारे पाणी आत येते. पायावरील झिजाऊ धातूचे तुकडेही वेळेवर बदलावे लागतात. ते संपले की खारे पाणी ड्राइव्हच्या अ‍ॅल्युमिनियमलाच खाऊ लागते.

जुनी बोट घेताना केवळ किती तास चालली एवढे विचारून भागत नाही. आधुनिक इंजिनाचा संगणक कोणत्या फेऱ्यांवर किती वेळ गेला, याची नोंद ठेवतो. मर्यादेपलीकडच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर ती बोट वारंवार उडवली गेली आहे आणि थ्रॉटलवरचा हात कच्चा होता, असे खुशाल समजावे.

दर्यावर्दी माणसे बोट नेहमी अडचणीचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून पारखतात. ड्राइव्हलाही तोच न्याय लावावा. इंजिनाला जेमतेम पुरेल अशी ड्राइव्ह शांत पाण्यात कामचलाऊ ठरते. खवळलेल्या समुद्रात परत आणते ती ड्राइव्ह, जिच्यात इंजिनाच्या पिळापेक्षा पुष्कळ अधिक ताकद शिलकीत ठेवलेली असते. अंदाजपत्रक तोकडे पडत असेल, तर ड्राइव्हची एक पायरी उतरण्याऐवजी इंजिनाचे शंभर अश्व कमी करणे केव्हाही शहाणपणाचे. शंभर अश्वांची उणीव घड्याळात दिसेल. तुटलेला दाता मात्र भर समुद्रात मोजावा लागेल.