आजोबांच्या फोटोतील चौघे

आपल्या बहुतेक घरांत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एखादा पिवळा पडलेला फोटो असतो. "हे आजोबा आणि हे त्यांचे दोस्त," एवढ्यावर माहिती संपते. आजोबा जातात, आजी जाते, घराला रंग देताना फोटो माळ्यावर जातो आणि पुढे वाळवीच्या तोंडी. आमच्याही घरी हेच होणार होते. ते टळले, आणि त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

वडूजजवळच्या आमच्या गावच्या घरात आजोबांचा लष्करी गणवेशातला एक फोटो होता. पाच जवान, त्यांपैकी दोघे खुर्चीवर आणि तिघे मागे उभे. खुर्चीवरचा दुसरा माणूस म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, असे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. ते खोटे निघाले.

फोटो काय सांगतो?

फोटो हा कागदपत्रासारखा वाचावा लागतो. प्रथम पुठ्ठा पाहावा. आमच्या फोटोच्या पुठ्ठ्यावर 'बेळगाव' एवढी अक्षरे उरली होती. महार रेजिमेंटची पहिली पलटण 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावलाच उभी राहिली. त्यापूर्वीची 111 महार ही पलटण 1917 साली उभी राहून 1921 मध्ये मोडली होती. आजोबांचे वय पाहता ती त्यांची असणे शक्य नव्हते.

नंतर टोपीवरचे चिन्ह पाहावे. भिंगातून कोरेगावचा स्तंभ दिसला, मात्र तिरक्या मशीनगन दिसल्या नाहीत. 1946 मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली आणि त्या बंदुका चिन्हात आल्या. तेव्हा फोटो 1941 ते 1946 या काळातला ठरला.

मग बाह्या पाहाव्यात. एक पट्टी लान्स नाईकाची, दोन नाईकाची, तीन हवालदाराची. खुर्चीवरच्या दोघांनाच पट्ट्या होत्या. लष्करी फोटोत खुर्ची हुद्द्याने मिळते, नात्याने नव्हे. थोरल्या भावाची समजूत येथेच डळमळली.

पाठीमागे शिसपेन्सिलीने चार मोडी शब्द होते. एका निवृत्त गुरुजींनी ते वाचून दिले : मायणी, दहिवडी, औंध, पुसेसावळी. माणसांची नावे नाहीतच! पलटणीत एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारीत असणार. तरीही माग काढायला गावे पुरेशी होती. औंध हे 1948 पर्यंत संस्थान होते, त्यामुळे तिकडच्या माणसाचे जुने कागद शोधताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

म्हाताऱ्या माणसांना कसे विचारावे?

"कोणत्या साली?" असे विचारू नये. जुन्या माणसांचे साल घटनेला बांधलेले असते. वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला (9 सप्टेंबर 1942), त्याआधी की नंतर? गांधीवधानंतरच्या जाळपोळीवेळी (1948) कुठे होता? नागपूरची दीक्षा (14 ऑक्टोबर 1956), कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), बहात्तरचा दुष्काळ, हे आपल्या भागातले मैलाचे दगड आहेत.

फोटो घेऊन मी नव्वदी गाठलेल्या आत्याकडे गेलो. तिने मायणीच्या जवानावर बोट ठेवले. "ह्यो तुझ्या आज्याचा भाऊ न्हवं रं. ह्यो मुंबईच्या काकाचा बा. लढाईवरनं आला आन् तापानं गेला. पोरगं आबानं घरी आणलं."

दर दिवाळीला येणारे, वेगळ्या आडनावाचे आमचे मुंबईचे काका! ते 'लांबच्या नात्यातले' असे आम्हांला सांगितले गेले होते. नाते रक्ताचे नव्हतेच. मित्राच्या पोरक्या मुलाला आजोबांनी वाढवले आणि त्याला कमीपणा वाटू नये म्हणून आयुष्यभर गप्प राहिले.

एका साक्षीवर विसंबू नये

आठवण खरी असली तरी तिला कागदाचा आधार हवा. गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहिले. जून 1949 च्या नोंदीत काकांचे नाव, जन्मगाव मायणी, जात 'हिंदू महार', आणि पालकाच्या रकान्यात आमच्या आजोबांचे नाव होते.

या नोंदीचे मोल निव्वळ भावनेचे नाही. काकांच्या नातवाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज 'जुना पुरावा नाही' म्हणून अडला होता आणि प्रवेशाची मुदत जवळ आली होती. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 ही तारीख महत्त्वाची मानली जाते, त्यापूर्वीची नोंद मोठा आधार ठरते. बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण पुरावा आजा-पणज्याचाच द्यावा लागतो. मायणीत शोधून न मिळालेला कागद आमच्या गावच्या शाळेत होता. फोटोचा माग काढला नसता तर तेथे पाहण्याचे कोणाला सुचले असते?

शाळेखेरीज गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, फेरफार, सातबारा, वतनी जमिनीचे कागद आणि लष्करातून सुटल्याचे पुस्तक, या ठिकाणी आपले पूर्वज सापडतात. इतिहासकारांनी लिहिले नसेल, पण तलाठ्याने आणि गुरुजींनी लिहून ठेवले आहे.

हे काम आपल्या मातीला नवे नाही. बाबासाहेबांचे अनेक खंडी चरित्र लिहिणारे चांगदेव खैरमोडे खटाव तालुक्यातील पाचवडचे. पहिला खंड 1952 साली निघाला. पुढे 1989 मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हेही याच तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते आणि 1901 साली त्यांच्याकडे येताना मसूर स्टेशनवरून निघालेल्या बाल भीमरावांना अस्पृश्यतेचे चटके बसले. हे आपल्याला माहीत आहे, कारण बाबासाहेबांनी ते लिहून ठेवले.

म्हणून एवढे करावे. फोटो भिंतीवरून उतरवून मोबाइलवर दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी. मूळ फोटो डिंकाने चिकटवू नये, लॅमिनेशन करू नये, कोरड्या डब्यात ठेवावा. पाठीवर बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. आणि सर्वांत आधी घरातल्या वृद्ध माणसाजवळ बसावे. कागद उद्याही सापडेल, माणूस सापडेलच असे नाही. आमची आत्या त्याच पावसाळ्यात गेली.

दहिवडी, औंध आणि पुसेसावळीचे तिघे अजून सापडायचे आहेत. ज्यांच्या घरी असाच पाच जवानांचा फोटो असेल, त्यांनी तो उलटून पाहावा. तिथे कदाचित 'वडूज' लिहिलेले असेल.

जय भीम.